पोळ्यात शिरलेले पाणी

महाळुंगे (ता. मुळशी) : श्रावणातली झड आठवडाभर लागून राहिली, की नव्या गृहसंकुलांतील हलक्या दरवाजांची कुरकुर सुरू होते. न्हाणीघराचा दरवाजा चौकटीत अडकतो, त्याची खालची कड फुगते आणि कोपऱ्यापाशी वरचा पातळ पापुद्रा सुटू लागतो. सुताराला बोलावले जाते. तो रंधा मारून कड तासतो आणि दरवाजा पुन्हा लागू लागतो. पुढे एप्रिल उजाडला, की त्याच दरवाजाखाली बोटभर फट दिसते. विकासक म्हणतो, दोष पावसाचा. रहिवासी म्हणतो, दोष मालाचा.

हा वाद वरवर किरकोळ वाटतो. परंतु पोकळ गाभ्याच्या फळीत ओलावा नेमका कोठून शिरतो, आत काय करतो आणि बाहेरून का दिसत नाही, हे प्रश्न केवळ न्हाणीघराच्या दरवाजापुरते नाहीत. विमानांची सुकाणू, उपग्रहांचे सांगाडे, कारखान्यांतील निर्जंतुक खोल्यांच्या भिंती, उंच इमारतींची दर्शनी आवरणे अशा अनेक ठिकाणी हीच रचना वापरली जाते. मधमाश्यांच्या पोळ्यावरून तिला ‘हनीकोंब सँडविच पॅनेल’ असे नाव पडले आहे.

महाळुंगे हे गाव या प्रश्नाच्या दृष्टीने मोक्याच्या जागी आहे. (चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातील महाळुंगे इंगळे ते निराळे.) मुळा नदीच्या काठी, बालेवाडीला खेटून असलेल्या या गावाची पूर्वीची मोठी ओळख म्हणजे १९९४च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांच्या निमित्ताने उभे राहिलेले श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल. २०२१मध्ये गाव पुणे महापालिकेच्या हद्दीत आले. शेतांच्या जागी आता उंच इमारती उभ्या आहेत. हवामान मात्र तेच आहे. एप्रिल-मेच्या दुपारी हवेतील सापेक्ष आर्द्रता वीस-तीस टक्क्यांपर्यंत उतरते आणि जुलै-ऑगस्टमध्ये ती दिवसचे दिवस ऐंशी-नव्वद टक्क्यांच्या घरात राहते. कोकणात हवा बाराही महिने दमट असल्याने लाकूड-कागद एकदा फुगले की बरेचसे तसेच राहतात. पुण्याकडे मात्र दरवर्षी एकदा कडकडीत वाळायचे आणि एकदा भिजायचे, असा फेरा चालतो. पोकळ फळीला सततच्या ओलीपेक्षा हा फेरा अधिक जाचतो.

पोकळ, तरीही ताठ

एखादी पट्टी आडवी धरून मध्यभागी दाबली, तर तिचा वरचा पृष्ठभाग आकसतो आणि खालचा ताणला जातो. ताण मुख्यतः या दोन पृष्ठभागांवर येतो. मधला भाग त्या मानाने निवांत असतो. मग मधला भाग भरीव कशाला ठेवायचा? इमारतीतील लोखंडी तुळईचा छेद इंग्रजी ‘आय’ अक्षरासारखा असतो तो याच हिशेबाने. हनीकोंब फळी ही त्याच कल्पनेची पुढची पायरी आहे. वर-खाली दोन पातळ पृष्ठथर आणि मध्ये षटकोनी कप्प्यांचा पोकळ गाभा, एवढीच ही रचना. एक भरीव पत्रा मधोमध चिरून दोन्ही अर्ध्या भागांमध्ये असा गाभा बसवला आणि एकूण जाडी मूळच्या चौपट केली, तर ताठपणा सुमारे ३७ पट वाढतो. वजन वाढते ते जेमतेम सहा टक्के. विमान बांधणाऱ्यांना या रचनेचा मोह न पडता तरच नवल.

गाभा कशाचाही असू शकतो. स्वस्त दरवाजांत आणि टेबलांत तो तपकिरी क्राफ्ट कागदाचा असतो. इमारतींच्या आवरणांत आणि जुन्या विमानांत तो अ‍ॅल्युमिनियमच्या, अनेकदा केसाहूनही पातळ पत्र्याचा असतो. अलीकडच्या विमानांत ‘नोमेक्स’ या नावाने ओळखला जाणारा अ‍ॅरामिड तंतूंचा कागद फिनॉलिक राळेत बुडवून वापरतात. येथे एक खुलासा आवश्यक आहे. इमारतींवर सर्रास दिसणारे ‘एसीपी’ म्हणजे पोळे नव्हे. त्यात दोन अ‍ॅल्युमिनियम पत्र्यांच्या मध्ये भरीव प्लास्टिकचा किंवा खनिजमिश्रित थर असतो. अ‍ॅल्युमिनियम हनीकोंब हा त्याहून महाग प्रकार आहे. विक्रेते आणि ग्राहक दोघेही ही नावे एकमेकांत मिसळतात.

या रचनेची खरी नाजूक जागा गाभ्यात किंवा पृष्ठथरात नसून त्या दोहोंच्या सांध्यात असते. कप्प्यांच्या भिंती पृष्ठथराला फक्त आपल्या पातळ कडांनी टेकतात. धातूच्या हलक्या गाभ्यात या कडांचे क्षेत्रफळ फळीच्या एकूण क्षेत्रफळाच्या दोन-तीन टक्केच भरते. उरलेल्या ९७ टक्के जागेत पृष्ठथराखाली केवळ हवा असते. चिकटद्रव्य तापवल्यावर पातळ होऊन कडेच्या दोन्ही अंगांनी थोडे वर चढते आणि तेथे इवलासा बांध तयार होतो. सारी फळी या बांधांच्या भरवशावर उभी असते. ओलाव्याचा पहिला हल्ला येथेच होतो.

वाटा तीन, सोपी एक

पाणी आत शिरण्याच्या वाटा तीन आहेत. पहिली सर्वांना ठाऊक असलेली : उघडी कड, कुलपाचे भोक, बिजागरीच्या स्क्रूची जागा, नळीसाठी पाडलेले छिद्र. दुसरी वाट संथ आहे. राळ आणि चिकटद्रव्य डोळ्यांना अभेद्य दिसले, तरी पाण्याची वाफ त्यांच्यातून रेणूरेणूने झिरपते. विमानांत वापरला जाणारा कार्बन तंतू व इपॉक्सी राळेचा थर दमट हवेत वर्षानुवर्षे राहिला, तर आपल्या वजनाच्या एक-दीड टक्क्यापर्यंत पाणी सामावून घेतो.

तिसरी वाट अधिक घातक असून ती क्वचितच लक्षात घेतली जाते. बंद कप्प्यातील हवा हा एक लहानसा पंप असतो. भर उन्हात इमारतीचे दर्शनी आवरण ६५ अंश सेल्सियसपर्यंत तापले आणि वळवाची सर येऊन ते झपाट्याने २५ अंशांवर उतरले, असे समजू. कप्पा पूर्ण बंद असेल, तर आतील हवेचा दाब सुमारे १२ टक्क्यांनी घसरतो. हा फरक सव्वा मीटर उंच पाण्याच्या स्तंभाच्या दाबाएवढा भरतो. पृष्ठथराला केसाएवढी चीर असली आणि तिच्यावर त्याच क्षणी पावसाचे पाणी साचलेले असले, तर ते आत ओढले जाते. पाणी आत येते ते द्रवरूपात आणि क्षणार्धात. बाहेर पडायचे असेल, तर वाफ होऊन त्याच चिरेतून सावकाश जावे लागते. आवक मोठी आणि जावक लहान, असा हा हिशेब. त्यामुळे प्रत्येक पावसाळ्यात आतला साठा थोडा थोडा वाढत जातो.

विमानाच्या बाबतीत हा पंप प्रत्येक उड्डाणात चालतो. अकरा किलोमीटर उंचीवर बाहेरच्या हवेचा दाब समुद्रसपाटीच्या चौथ्या हिश्शाहूनही कमी आणि तापमान शून्याखाली ५६ अंशांच्या आसपास असते. वर जाताना कप्प्यांतील हवा चिरेतून बाहेर पडते. ढगांतून, पावसातून खाली उतरताना दाब वाढतो आणि बाहेरची ओली हवा आत घुसते. आत साचलेले पाणी पुढच्या उड्डाणात गोठते. गोठताना त्याचे आकारमान नऊ टक्क्यांनी वाढते आणि कप्प्याच्या भिंती फाटतात. मग एका कप्प्यातील पाण्याला शेजारच्या कप्प्यात जाण्याचा रस्ता मिळतो.

कागद, धातू आणि नोमेक्स

आत शिरलेले पाणी प्रत्येक पदार्थाशी निराळे वागते. कागदाची कथा सर्वांत सरळ आहे. कागदाचे बळ सेल्युलोजच्या तंतूंनी एकमेकांना धरून ठेवण्यात असते. पाण्याचे रेणू त्या तंतूंच्या मध्ये शिरतात आणि पकड सैल करतात. पन्हाळीदार पुठ्ठ्याचे खोके नव्वद टक्के आर्द्रतेत आपले जवळजवळ निम्मे बळ गमावून बसते, हे वेष्टन व्यवसायात सर्वांना माहीत असते. कागदी पोळ्याचे तेच होते. फरक इतकाच, की खोके दबलेले दिसते आणि दरवाजाच्या पोटातील पोळे दिसत नाही. शिवाय दरवाजाचा पृष्ठथर आणि भोवतीची लाकडी चौकट वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात. परिणामी कडेचा सांधा सर्वांआधी सुटतो. बाधित भाग वाळला तर कागदाचे बळ बरेचसे परत येते. एकदा सुटलेला सांधा मात्र आपोआप जुळत नाही.

अ‍ॅल्युमिनियमला पाणी शोषण्याचा दोष नाही; त्याचे दुखणे रासायनिक आहे. या धातूवर ऑक्साइडचा अतिपातळ थर असतो आणि चिकटद्रव्य वास्तविक धातूला नव्हे, तर त्या थराला चिकटलेले असते. ओलावा सांध्यापर्यंत पोहोचला, की ऑक्साइडचे रूपांतर पाणी धारण केलेल्या, ठिसूळ आणि जाडसर ऑक्साइडमध्ये होते. चिकटद्रव्य शाबूत राहते, धातूही शाबूत राहतो. पण दोघांना जोडणारा थरच भुसभुशीत झाल्याने पृष्ठथर सालीसारखा निघून येतो. १९६०च्या दशकात बांधलेल्या कित्येक विमानांना या प्रकाराने पछाडले. १९७०च्या दशकात चिकटवण्यापूर्वी धातूवर फॉस्फोरिक आम्लाची विद्युत-प्रक्रिया करून टिकाऊ ऑक्साइड निर्माण करण्याची पद्धत रूढ झाली, तेव्हा कोठे परिस्थिती सुधारली. त्यात पृष्ठथर कार्बन तंतूंचा आणि गाभा अ‍ॅल्युमिनियमचा असेल, तर आणखी एक संकट ओढवते. कार्बन आणि अ‍ॅल्युमिनियम पाण्याच्या साक्षीने विद्युतघट तयार करतात आणि अ‍ॅल्युमिनियम झिजू लागतो. म्हणून दोहोंच्या मध्ये काच-तंतूंचा थर घालण्याची दक्षता घ्यावी लागते.

नोमेक्स गंजत नाही आणि जळतही सहजी नाही. विमानाच्या आतील भिंती आणि सामानाचे कप्पे त्याचे असतात ते त्यामुळेच. परंतु शेवटी तोही कागदच आहे. दमट हवेत तो आपल्या वजनाच्या काही टक्के पाणी धरतो, किंचित नरम पडतो आणि त्याच्या भिंतींतून ओलावा एका कप्प्यातून दुसऱ्यात हळूहळू सरकतो. राळेवरही परिणाम होतो. ज्या तापमानाला ती ताठपणा सोडून मऊ पडू लागते, ते तापमान शोषलेल्या प्रत्येक टक्का पाण्यामागे ढोबळमानाने वीस अंशांनी खाली येते. कोरडी असताना उन्हात निश्चिंत असणारी फळी ओली झाल्यावर त्याच उन्हात तितकी निश्चिंत राहत नाही.

याशिवाय पाण्याचे स्वतःचे वजन असते. एक चौरस मीटरच्या फळीत दोन सेंटिमीटर जाडीचा नोमेक्सचा गाभा धरला, तर त्याचे वजन सुमारे एक किलो भरते. त्यातील फक्त पाच टक्के कप्पे पाण्याने भरले, तरी जवळजवळ एक लिटर म्हणजे एक किलो पाणी झाले. गाभ्याचे वजन दुप्पट! दरवाजाच्या बाबतीत एवढ्याने फार तर बिजागरी कुरकुरेल. विमानाच्या सुकाणूचा तोल मात्र त्याच्या बिजागरीभोवती काटेकोर साधलेला असतो. मागच्या कडेला असे अतिरिक्त वजन साठले, तर वेगात सुकाणू फडफडू लागण्याचा धोका निर्माण होतो.

दोष पावसाचा की कामाचा?

महाळुंगेच्या विकासक-रहिवासी वादासारखाच वाद आठ दशकांपूर्वी भारतातच रंगला होता, तोही युद्धाच्या धुमश्चक्रीत. ‘द हॅविलंड मॉस्किटो’ हे ब्रिटिशांचे वेगवान विमान बहुतांशी लाकडाचे होते. त्याच्या धडाच्या भिंतीत बर्च प्लायवूडच्या दोन थरांमध्ये हलक्या बाल्सा लाकडाचा गाभा होता. म्हणजे ते सँडविचच. केवळ गाभा पोळ्याचा नव्हता. भारत आणि ब्रह्मदेशच्या आघाडीवर १९४४च्या अखेरीस काही मॉस्किटोंचे पंख हवेत मोडले. या भागातील विमाने जमिनीवर उतरवून ठेवण्यात आली आणि तपास सुरू झाला. उत्पादकाच्या बाजूच्या पाहणीत पावसाळी हवामानात लाकडाचे आकुंचन-प्रसरण झाल्याचे कारण पुढे आले. दुसऱ्या तज्ज्ञांनी कारखान्यातील सदोष जोडकामावर बोट ठेवले : सांधे नीट जुळलेलेच नव्हते, फटी राहिल्या होत्या. उपाय योजला गेला तो या वादाच्या निकालाहून अधिक बोलका होता. पंखावरील सांध्याच्या रेषेवर प्लायवूडची पट्टी बसवून ती रेषा बंद करण्यात आली.

हवामान सर्व विमानांना सारखेच होते; पंख मोडले ते काहींचेच. जेथे सांध्याने वाट दिली, तेथे ओलावा गेला. पावसाला दोष देणाऱ्यांनी हा तपशील नजरेआड करू नये.

युद्धानंतर धातूच्या पोळ्याचे युग आले आणि तोच धडा पुन्हा गिरवावा लागला. अमेरिकी बनावटीच्या एफ-१११ या बॉम्बफेकी विमानाच्या पृष्ठभागाचा मोठा भाग अ‍ॅल्युमिनियम पोळ्याच्या फळ्यांचा होता. त्यांत शिरलेले पाणी आणि त्यातून होणारी झीज शोधणे आणि दुरुस्त करणे हे अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया या दोन्ही देशांच्या हवाई दलांचे वर्षानुवर्षांचे काम होऊन बसले. कॅनडाच्या सीएफ-१८ लढाऊ विमानांच्या सुकाणूंतही पाणी आढळले आणि त्याने चिकटवणी कमकुवत होत असल्याचे दिसून आले.

प्रवासी विमानांच्या इतिहासात ६ मार्च २००५ ही तारीख महत्त्वाची ठरली. क्युबातील वाराडेरोहून क्युबेककडे निघालेल्या एअर ट्रान्सॅट कंपनीच्या एअरबस ए-३१० विमानाचे सुकाणू उड्डाणात जवळजवळ पूर्ण तुटून गेले. वैमानिकांनी विमान माघारी वळवून वाराडेरोला सुखरूप उतरवले. ते सुकाणू कार्बन तंतूंच्या पृष्ठथरांचे आणि नोमेक्स गाभ्याचे होते. तुटलेला भाग समुद्रात गेल्याने मूळ इजा कशाने झाली हे कॅनडाच्या तपास मंडळाला ठामपणे सांगता आले नाही. त्यामुळे या घटनेचे खापर पाण्यावर फोडणे योग्य होणार नाही. पृष्ठथर गाभ्यापासून सुटणे किंवा गाभ्याला आतून तडा जाणे, यापैकी एकाने सुरुवात झाली असावी, असा निष्कर्ष निघाला. त्यानंतर जगभरातील त्याच घडणीच्या सुकाणूंची तपासणी करण्यात आली. त्या वर्षी मुंबईहून उडणाऱ्या एअर इंडियाच्या ताफ्यातही ए-३१० विमाने होती. सुटलेला सांधा नेहमीच्या दृष्टिपाहणीत दिसत नाही आणि दिसत नसतानाही वाढत राहू शकतो, ही बाब या घटनेने विमान व्यवसायाच्या मनावर ठसवली.

टकटक, उष्णता आणि न्यूट्रॉन

मग आतले पाणी शोधायचे कसे? सर्वांत जुनी रीत नाण्याने टकटक करण्याची. चांगल्या सांध्यावर आवाज खणखणीत येतो, सुटलेल्या जागी बद्द. विमानतळावरील तंत्रज्ञ आजही हे करतात. कलिंगड घेताना मंडईत जे केले जाते, त्याचाच हा शास्त्रशुद्ध अवतार म्हणावा लागेल. मात्र या रीतीने सुटलेला सांधा कळतो; सांधा शाबूत असताना कप्प्यात साठलेले पाणी कळत नाही.

पाण्यासाठी उष्णतेची मदत घेतात. पाणी सावकाश तापते आणि सावकाश निवते. विमान उंचीवरून नुकतेच उतरलेले असते तेव्हा कोरडे कप्पे लगेच धावपट्टीवरच्या हवेइतके गरम होतात. पाण्याचे किंवा बर्फाचे कप्पे मात्र थंडच राहतात. अवरक्त कॅमेऱ्यात ते काळ्या डागांसारखे उमटतात. काम उतरल्यावर लगेच उरकावे लागते. तापमान सारखे झाले, की डाग पुसट होत जातात.

याहून सूक्ष्म शोध घ्यायचा, तर न्यूट्रॉनकडे वळावे लागते. क्ष-किरण धातूने अडतात, पाण्यातून बरेचसे पार होतात. न्यूट्रॉनचे उलटे आहे. अ‍ॅल्युमिनियम त्यांना जवळपास पारदर्शक असतो. हायड्रोजन असलेले पाणी आणि गंजाचे पाणीयुक्त क्षार मात्र त्यांना अडवतात. धातूच्या पेटीतील थेंबाचे चित्र काढण्याची ही अनोखी सोय आहे. कॅलिफोर्नियातील मॅक्लेलन हवाई तळावर अमेरिकी हवाई दलाने विमानांच्या फळ्या तपासण्यासाठी चक्क एक छोटी अणुभट्टी उभारली. कॅनडातही सुकाणूंची अशी तपासणी झाली. हे तंत्र महाराष्ट्राला अपरिचित नाही. ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात १९५६मध्ये सुरू झालेल्या ‘अप्सरा’ या देशातील पहिल्या अणुभट्टीवर न्यूट्रॉन छायाचित्रणाचे काम झाले. मूळ अप्सरा २००९मध्ये बंद झाली आणि तिचा सुधारित अवतार २०१८मध्ये कार्यान्वित झाला. कल्पाक्कमची ‘कामिनी’ ही लहानशी अणुभट्टी तर मुख्यतः अशाच कामांसाठी आहे.

पाणी सापडल्यावरही प्रश्न संपत नाही. उलट दुरुस्तीतच फळी फुटण्याचा धोका असतो. तव्यावरची पोळी टम्म फुगते ती आतल्या वाफेमुळे. ओली फळी दुरुस्तीसाठी तापवली, तर तेच घडते. काही चिकटद्रव्ये १२० अंशांना पक्की होतात. त्या तापमानाला बंद कप्प्यातील पाण्याची वाफ स्वयंपाकघरातील कुकरइतका दाब निर्माण करते. १७७ अंशांना पक्क्या होणाऱ्या चिकटद्रव्यांच्या बाबतीत वाफेचा दाब वातावरणाच्या नऊ पटींहून अधिक होतो. तापलेला जुना सांधा अशा वेळी मऊ पडलेला असतो आणि पृष्ठथर गाभ्यावरून उखडला जातो. एका हाताएवढी दुरुस्ती करायला जाऊन अख्खी फळी वाया गेल्याची उदाहरणे या व्यवसायात नवी नाहीत. म्हणून आधी साठ-सत्तर अंशांच्या मंद उष्णतेवर, हवा खेचून घेत, तासन् तास आणि वेळप्रसंगी दिवसचे दिवस फळी वाळवावी लागते. मगच तिला पुढच्या आचेवर नेतात.

सहा बाजूंचा दरवाजा

न्यूट्रॉनचा उपाय महाळुंगेच्या सदनिकाधारकाला परवडणारा नाही. त्याची गरजही नाही. विमान-तंत्रज्ञांची टकटक मात्र घरातही चालते. दरवाजाच्या मध्यभागी आणि कुलपाजवळ बोटाच्या पेरांनी ठोकून पाहिले, की गाभा पोकळ आहे की भरीव हे बहुधा कळते. पोकळ असणे हा आपोआप दोष ठरत नाही. भारतीय मानकांत भरीव गाभ्याच्या दरवाजांसाठी आयएस २२०२ आणि कप्प्यांच्या, पोकळ वा नळीदार गाभ्याच्या दरवाजांसाठी आयएस २१९१ अशी स्वतंत्र मानके आहेत. शयनगृहात पोकळ दरवाजा वर्षानुवर्षे निर्वेध चालतो. तोच न्हाणीघराला लावणे, हा खरा प्रश्न आहे. करारनाम्यातील सोयी-सुविधांच्या यादीत नुसते ‘उत्तम प्रतीचे फ्लश दरवाजे’ असे लिहिलेले असते. गाभा कशाचा आणि मानक कोणते, हे दोन शब्द त्यात लिहून घेतले, तर पुढचा बराच वाद टळतो.

दरवाजाला सहा बाजू असतात. रंग बहुतेक वेळा चारच बाजूंना लागतो. वरची कड नजरेच्या वर असते आणि खालची कड दिसतच नाही, त्यामुळे दोन्ही कोऱ्या राहतात. न्हाणीघरातील पाणी खालच्या कडेला, वाफ वरच्या कडेला, असा नेमका उघड्या बाजूंवर मारा होतो. कुलूप बसवताना पाडलेले भोक आतून कोणी रंगवत नाही. यावर भर म्हणजे ऑगस्टमधला रंधा. फुगलेली कड तासली, की होती नव्हती ती रंगाची सीलबंदी निघून जाते आणि आतील लाकूड, कागद थेट हवेसमोर येतात. पुढच्या पावसाळ्यात दरवाजा आणखी फुगतो, पुन्हा तासला जातो. असे दोन-तीन पावसाळे गेले, की दरवाजा बदलण्यावाचून गत्यंतर उरत नाही. आणि तरीही दोष पावसाच्याच नावावर चढतो.

कायदा या बाबतीत रहिवाशाच्या बाजूने बराचसा स्पष्ट आहे. स्थावर संपदा (नियमन व विकास) अधिनियम, २०१६ च्या कलम १४(३) नुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामाच्या संरचनेतील किंवा कारागिरी, दर्जा आणि सेवांच्या तरतुदीतील दोष निदर्शनास आणून दिल्यास विकासकाने तो ३० दिवसांत, जादा पैसे न घेता दूर करावयाचा असतो. तसे न केल्यास रहिवासी भरपाई मागू शकतो. कारागिरी आणि दर्जा हे शब्द कायद्यात आहेत. दरवाजाची खालची कड कोरी सोडणे, हा कारागिरीचा दोष आहे की नाही, यावर वाद घालता येईल. पण तो वाद घालण्यासाठी पुरावा हाती हवा आणि पहिल्याच पावसाळ्यात घाईने मारलेल्या रंध्याबरोबर तो पुरावा भुशात जातो. म्हणून तासण्यापूर्वी कडेचे छायाचित्र घेणे आणि तक्रार लेखी देणे शहाणपणाचे ठरते. कड दिसण्यासाठी दरवाजा उतरवावा लागत नाही. फरशीवर छोटा आरसा सरकवला, की रंग आहे की नाही हे दिसते.

दुरुस्तीचा हंगामही ठरलेला आहे. दिवाळीनंतर हवा कोरडी होते आणि दरवाजा आपोआप बराचसा आकसतो. तो डिसेंबरपर्यंत वाळू द्यावा, मग उरलेला अडथळा तेवढाच तासावा आणि त्याच दिवशी खालची-वरची कड, कुलपाचे भोक आणि स्क्रूच्या जागा यांना प्राइमर आणि तैलरंगाचे दोन हात द्यावेत. पृष्ठथर सुटला असेल, तर सांध्यात नवे चिकटद्रव्य भरण्यापूर्वी आतला भाग वाळला आहे याची खात्री करावी. ओल्या पोळ्यावर लावलेला थर मार्चच्या उन्हात पुन्हा उघडतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात सुतार मिळणे कठीण होते. जानेवारीत मात्र तो सवडीने येतो.